जीपसमोर उभं राहताना

मानपाडा

मी मुळात भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा गैरसमज नको. मी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, बाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघते, आणि पालीचं तर नावही काढू नका. अशा बाईने आपले कितीतरी रविवार उघड्या जीपमधून दगडधोंड्यांत, चिखलात आणि नदीच्या पाण्यात घालवलेत, हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, काकूंनी फेकायला सुरुवात केली.

पण ते खरं आहे. माझा नवरा मोहन एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. आमची मुलगी तिसरीत असताना त्याने लिलावातून एक जुनी हिरवी जीप उचलून आणली. छप्पर फाटकं, हॉर्न मुका, आणि दारं तर नव्हतीच. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग त्याच्या ऑफिसातल्या आणखी दोघांनी तसल्याच जीपा आणल्या आणि आमचा तीन घरांचा गट झाला. 'ऑफ-रोडिंग' हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या कानावरून गेला नव्हता. आम्ही म्हणायचो, रविवारी रस्ता सोडायचाय. शेजारी विचारायचे, कुठे चाललात, आणि याचं धड उत्तर आम्हालाही देता यायचं नाही. कुठेच जायचं नसायचं, नुसता रस्ता सोडायचा असायचा.

सामान म्हणजे काथ्याचा दोर, फावडं, थोडी गोणपाटं आणि पोळ्यांचा डबा. चाक रुतलं की त्याखाली गोणपाट घालायचं, तरी निघालं नाही की बायकापोरांनी मागून ढकलायचं. माती मऊ लागली की टायरमधली हवा काडीने सोडायची आणि घरी परतताना पायपंपाने भरायची. मानपाड्याच्या मागे तेव्हा भातशेतं होती. कापणी झाली की मालकाला विचारून आमच्या जीपा त्या शेतांतून घुमायच्या, आणि मुलं बांधावर बसून काकडी खायची. आता तिथे टॉवर झालेत. त्यातल्या एका टॉवरमध्ये माझी नणंद राहते आणि तिला मी अजून सांगते की तुझ्या हॉलमध्ये आमची जीप एकदा दिवसभर रुतून बसलेली.

आमच्या गटाचा एक नियम होता. या प्रवासाची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे, म्हणून नीट सांगते. पाणी असो की चढण, गाडी आत घालायच्या आधी एकाने उतरून पुढे जायचं. त्याला आम्ही 'पुढचा' म्हणायचो. पुढच्याने गाडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालायचं आणि चाकं कुठे टाकायची ते हातांनी दाखवायचं. मूठ मिटली की थांब. चालवणाऱ्याला बॉनेटमुळे चाकांपुढची जमीन दिसत नाही, म्हणून त्याने फक्त पुढच्याचे हात बघायचे, बाकी कशाकडेही नाही. आणि गाडी अंगावर येतेय असं वाटलं तरी पुढच्याने बाजूला व्हायचं नाही, कारण तो हलला की चालवणाऱ्याचे डोळेच गेले.

मोहनच्या जीपची पुढची मी. पहिल्या रविवारी दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून उभी राहिले आणि मग ते कामच माझ्या गळ्यात पडलं. साडी खोचून, नंतर पंजाबी ड्रेसवर आले तेव्हा ओढणी कमरेला बांधून, मी त्या घरघरणाऱ्या लोखंडासमोर उलटी चालायचे. दर वेळी वाटायचं, आज काही आपण घरी जात नाही. आणि दर वेळी मोहन मूठ मिटताक्षणी थांबायचा.

मग मुलगी मोठी झाली, ते दोघे मित्र गाव सोडून गेले, जीप मानपाड्याला मोहनच्या एका ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये शेडखाली उभी राहिली. मोहनला साखर निघाली. तो निवृत्त झाला. दर रविवारी जाऊन जीप सुरू करून बघणं एवढंच उरलं होतं. या हिवाळ्यात ठाण्याहून अमेय नावाच्या मुलाचा फोन आला. मुलगा कसला, पस्तिशीचा बाप्या, टेंभी नाक्याला राहणारा, तिथल्या गाड्यावाल्या तरुणांच्या एका क्लबचा म्होरक्या. आमच्या जुन्या गटाचे फोटो त्याच्या हाती लागले होते. खडवलीला दोन दिवसांची सहल आहे, काकांनी आपली जीप घेऊन यावं, आम्हाला त्यांचा सत्कार करायचाय, असं तो म्हणाला. मोहनने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "येशील ना पुढे?" एवढंच विचारलं. त्याचा चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही.

खडवली

शहाड, टिटवाळा मागे टाकून खडवलीला पोचेपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. जीपमध्ये ज्या गोष्टी खुळखुळायच्या त्या अजूनही खुळखुळत होत्या. नदीकाठच्या माळावर गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि एकेक गाडी आमच्या पहिल्या घराएवढी. पुढे लोखंडी दोराचं यंत्र, वर शिडी, बाजूला फावडं, पण ते फावडं इतकं चकचकीत की त्याला कधी माती लागली असेल असं वाटेना. मुलांच्या खांद्यावर बोलायची यंत्रं, गळ्यात शिट्ट्या. एक जण वरून फोटो काढणारं भिरभिरं उडवत होता. टायरची हवा सोडायला मीटरवालं नळकांडं होतं. मोहनने खिशातून काडी काढली तेव्हा सगळे भोवती जमले आणि व्हिडिओ काढायला लागले. मोहन लाजला, पण सुखावला.

अमेय स्वभावाने गोड मुलगा. "काका, आम्ही डोंबिवलीला मामाकडे आलेलो ना, तेव्हा तुमची जीप बघितलेली. मी तेव्हाच ठरवलेलं," असं तो येईल त्याला सांगत होता.

पहिल्या दिवशी फक्त नदी ओलांडायची होती. भातसा नदी तिथे पसरट आहे, थंडीत पाणी गुडघ्याएवढं असतं, मुलं त्यात डुंबतात. लोकांना त्यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. मला मात्र वर धरण आहे एवढंच आठवत राहतं. पूर्वीही आठवायचं. पाण्यात पाय घातला की माझे कान वरच्या अंगाला लागलेले असायचे, पाणी वाढल्याचा आवाज येतो का म्हणून. या वेळीही चपला काठावर काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि उतरले. पाणी बर्फासारखं गार. तळाचे दगड शेवाळलेले. अमेयच्या क्लबची मुलं म्हणाली, काकू, आमच्याकडे नकाशा आहे, कुठे किती खोल ते दिसतं. मी म्हटलं, तुमचा नकाशा तुमच्याकडे ठेवा, माझ्या पायाला कळल्याशिवाय मी गाडी घालू देणार नाही.

मध्यावर जाऊन मी वळले, मोहनकडे तोंड केलं. अजून हात वर केला नव्हता. आमच्यात हात वर केल्याशिवाय चाक हलत नसे. पण जीप हलली. एकदम हिसका देऊन पाण्यात शिरली आणि पाण्याची लाट माझ्या मांड्यांवर आपटली. मी मूठ मिटली. जीप थांबली, पण लगेच नाही. जरा वेळाने थांबली. पलीकडे गेल्यावर विचारलं तर मोहन म्हणाला, क्लच सटकला, जुनी गाडी आहे. मी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं उभी होती, सटकला असेल.

दुपारी गावातल्या एका घरी जेवण सांगितलं होतं. क्लबची मुलं गाड्यांजवळ कसले कसले रोल खात बसली, पण मोहनला भाकरीच हवी होती. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि वालाचं बिरडं. घरातली वाढणारी बाई आगरी, माझ्याच वयाची, बोलकी. आमच्याकडे बघून तिने विचारलं, एवरा चांगला रस्ता हाय, मंग दगरातून कनाला जाता? मोहन पोट धरून हसला. मी हसले नाही, कारण हाच प्रश्न मला पहिल्या रविवारपासून पडलेला आहे. मी तिला म्हटलं, बाई, तुम्हीच विचारा यांना, मी विचारून थकले. तिने मोहनच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. आमच्या डोंबिवलीत पाहुण्याला 'घेता का' विचारतात, तिथे विचारण्याची पद्धत दिसली नाही.

संध्याकाळी माळावर सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मोहनला बोलायला सांगितलं तेव्हा तो जुन्या दिवसांबद्दल इतकं सुंदर बोलला की मीही ऐकत राहिले. "किती सोपं होतं तेव्हा," तो म्हणाला, "एक दोर, एक डबा आणि समोर आपलं माणूस. बाकी काही लागायचंच नाही." मग मुलांनी मलाही उभं केलं. मी पुढच्याचा नियम सांगितला, बाजूला व्हायचं नाही, का व्हायचं नाही. अमेयने ते फोनवर टिपून घेतलं. बसताना माझ्या मनात आलं, सोपं होतं हे खरं, पण ते स्टिअरिंगमागे बसणाऱ्याला. मी ते बोलून दाखवलं नाही, सत्काराच्या दिवशी कशाला.

अंधार पडायच्या आधी आम्ही आमच्या तंबूत आलो. मोहन खुर्चीवर बसला आणि बूट काढायला वाकला. उजव्या पायाचा मोजा काढला तर तो लाल. मी घाबरून बूट उपडा केला. त्यातून दाभणासारखा टोकदार दगड पडला, बोटाच्या पेराएवढा. नदीकाठी कधीतरी बुटात गेला असणार. दुपारी तो त्याच बुटाने गावापर्यंत चालत गेला होता, माळभर फिरला होता, सत्काराला उभा राहिला होता. तळपायाला चांगलं भोक पडलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

त्याने मोजा खुर्चीखाली सरकवला. मग म्हणाला, बधिर होतात पाय कधीकधी, साखरेने होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. कधीपासून, तर मागच्या पावसाळ्यापासून. दोन्ही? दोन्ही. मी जखम धुतली, आयोडीन लावलं, पट्टी बांधली. आयोडीन लावतानाही तो इकडेतिकडे बघत होता, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा. तेव्हा मला नदीतला तो हिसका आठवला. क्लच सटकला नव्हता.

टेकडी

दुसऱ्या दिवशीची चढण आमच्या ओळखीची. नदीपलीकडे एक टेकडी आहे, तिच्या अंगावर पावसाच्या पाण्याने खोदलेली घळ आहे, अरुंद, दोन्ही बाजूंना छातीएवढे दगड. जुन्या काळी आमच्या तिन्ही जीपांपैकी एकटी आमचीच तिथून वर गेली होती. मोहनने ती गोष्ट आल्यापासून इतक्या वेळा सांगितली होती की मुलांनी त्या घळीला काकांचं नाव देऊन टाकलं होतं.

सकाळी चहा घेताना मी त्याला म्हटलं, आज नको. पाय कळत नाहीत आणि तीन पेडलं चालवणार कशी? तो म्हणाला, इंजिनाच्या आवाजावरून कळतं, इतक्या वर्षांची सवय आहे, एवढी एक चढण आणि मग बस, मग जीप विकायला काढू म्हणालीस तरी काढू. मी म्हटलं, मी पुढे उभी राहणार नाही. माझा हा हुकमाचा पत्ता होता. पुढच्याशिवाय गाडी जात नाही हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ठीक आहे. अमेयला सांगतो."

आता सांगा, मी काय करायचं होतं? त्या अमेयला मोहनच्या पायांचं काही ठाऊक नव्हतं. घरी त्याची बायको, दोन वर्षांची पोर. तो बिचारा भक्तिभावाने समोर उभा राहिला असता आणि मीच काल त्याला शिकवलेलं, की बाजूला व्हायचं नाही. नाहीतर मी सगळ्यांसमोर सांगायचं, की बाबांनो, ज्याला तुम्ही काल शाल घातलीत त्याला आपले पाय कळत नाहीत. मी मोहनकडे बघितलं. त्याने शाल घडी करून जीपच्या मागच्या सीटवर ठेवली होती. मला ते बोलवेना. मी चपला काढून बूट घातले आणि म्हटलं, चल, मीच येते.

जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घळीच्या तोंडाशी मी त्याच्याकडे वळले. वर कडेला मुलं ओळीने बसलेली, फोन रोखून. मी हात वर केला. जीप हलली, या वेळी अगदी अलगद. मी एक पाऊल मागे, जीप एक पाऊल पुढे. डावं चाक दगडावर घे, असं दाखवलं, त्याने घेतलं. उजवीकडे वळव म्हटलं, त्याने वळवली. त्याचे डोळे माझ्या हातांवर होते, पूर्वीसारखे. खरं सांगते, अर्धी घळ चढेपर्यंत मला वाटायला लागलं की मीच उगाच भ्याले. मुलं शिट्ट्या वाजवत होती आणि मोहनच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं होतं. माझंही तोंड सैल झालं.

मग तो मोठा दगड आला. तिथे चाक दगडावर चढवून क्षणभर धरून ठेवावं लागतं, थोडा क्लच, थोडा वेग, पायांचाच सगळा खेळ. मी सावकाश ये असं दाखवलं आणि त्याच वेळी मोहनने मान खाली घातली.

आमच्या सगळ्या रविवारांत त्याने कधी खाली बघितलं नव्हतं. आता तो आपले पाय शोधत होता. कुठला पाय कशावर आहे ते डोळ्यांनी बघत होता. मी मूठ मिटली. ती त्याला दिसणार कशी? मी ओरडले, पण इंजिनापुढे माझा आवाज तो काय. मागे सरकले तर पाठीला दगड लागला. बाजूलाही दगड. बाजूला व्हायचं नाही हा नियम सोडा, व्हायला जागाच नव्हती. जीप दगडावरून उसळली आणि सरळ माझ्या अंगावर आली. मला मुलीचं तोंड दिसलं, घरचा दरवाजा दिसला, बाकी काही दिसलं नाही. मी डोळे मिटले.

गुडघ्यांना काहीतरी टेकलं. लोखंड, गरम. मग इंजिन गचकलं आणि बंद पडलं. मी डोळे उघडले तर बंपर माझ्या दोन्ही गुडघ्यांना लागून होता. लागला नव्हता, नुसता टेकला होता. वर मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका काय थांबवतात गाडी, असं कुणीतरी म्हणालं. मुद्दाम केलंय असं वाटलं त्यांना.

मला बंपर आणि दगड यांच्यामधून बाहेर पडायलाच वेळ लागला. दगडाला धरून मी त्याच्या बाजूला गेले. तो स्टिअरिंगला घट्ट धरून बसला होता, चेहरा पांढराफटक.

"मी थांबवली नाही, शुभे," तो हळू आवाजात म्हणाला. "बंद पडली."

मला त्याला ओरडायचं होतं, रडायचं होतं, दोन्ही एकदम. पण वर इतकी माणसं. मी म्हटलं, "सरक तिकडे."

तो सरकला. गिअरच्या दांड्यावरून पलीकडच्या सीटवर जाताना त्याने एकेक पाय हाताने उचलून ठेवला, हे मीच बघितलं, दुसऱ्या कुणी नाही. अमेय धावत आला. मी सांगितलं, काकांची कमर धरलीय, जीप खाली न्यायची आहे. तो म्हणाला, काकू, मी नेतो, तुम्ही उतरा. मी नको म्हटलं. आमच्या गटात ज्या घराची गाडी आत गेली त्याच घराने ती बाहेर काढायची असते, असं काहीतरी मी त्याला ऐकवलं. असा नियम होताही, पण त्या वेळी मला नियमाचं पडलं नव्हतं. मला मोहनला परक्याच्या शेजारी बसवून त्या घळीतून खाली आणायचं नव्हतं. मी आमची छोटी गाडी बाजारापर्यंत चालवते, ही जीप मानपाड्याच्या शेतात कधीकाळी दोन-चार फेऱ्या चालवली असेल. आणि आता ती उलटी उतरवायची होती.

अमेय मागे जाऊन आमच्या पद्धतीने ऐन वाटेत उभा राहिला, दोन्ही हात वर करून. आरशात तो दिसला. मी बाहेर मान काढून सांगितलं, तिथून हो, दगडावर चढ आणि वरून दाखव.

"काकू, तुम्हीच काल सांगितलेलं ना, बाजूला व्हायचं नाही."

"काल सांगितलं. आज सांगतेय बाजूला हो."

तो दगडावर चढला. मोहन शेजारून बोलायला लागला, अगदी हळू, मुलीला पहिल्यांदा सायकल शिकवताना बोलायचा तसं. सगळ्यात हळू, ताकदीचा मागचा गिअर टाक. चावी फिरव. आता क्लच सावकाश सोड आणि दोन्ही पाय काढून घे. मी म्हटलं, ब्रेकवर नको? तो म्हणाला, नको, कशावरच नको, तिचं इंजिनच तिला धरून ठेवेल. उतारावर, पाठमोरं, पाय अधांतरी धरून बसायचं म्हणजे काय ते कुणी करून बघावं. जीप कण्हत, कुरकुरत, दगडादगडावरून मागे उतरायला लागली. मी अमेयच्या हातांकडे बघत होते आणि तोंडाने रामनाम चालू होतं. मोहनने डॅशबोर्डवरची दांडी दोन्ही हातांनी आवळली होती. एका दगडावरून जीप तिरकी झाली तेव्हा त्याने श्वास आत ओढल्याचा आवाज मी ऐकला. या माणसाला मी जीपमध्ये घाबरलेला कधी बघितला नव्हता.

खाली सपाटीवर येऊन मी इंजिन बंद केलं. मुलं वरून उतरून येईपर्यंत आम्ही दोघंच होतो. तो दांडी सोडेना.

"अशी भीती वाटायची तुला?" त्याने विचारलं. "पुढे उभी असताना?"

"दर वेळी."

"मग उभी कशी राहायचीस?"

मी म्हटलं, "तू थांबशील हे ठाऊक असायचं."

त्याने एक हात दांडीवरून सोडवला. मग म्हणाला, "आज ठाऊक नव्हतं तुला." त्याने ते विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मुलं जवळ आली होती आणि अमेयने काकांच्या कमरेसाठी मलमाची ट्यूब आणली होती.

कल्याण-शीळ रस्ता

निघताना सगळ्यांनी फोटो काढले. अमेयला मी निरोप घेताना बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, की पुढच्याला नेहमी बाजूला व्हायला जागा ठेवा, माझा नियम पुसून टाक. त्याने का म्हणून विचारलं नाही. हुशार मुलगा आहे, कमरेचं त्याला पटलं नसावं.

चावी मोहनने आपणहून माझ्या हातात दिली. टिटवाळ्यापर्यंत मी कासवाच्या गतीने आले. पत्री पुलानंतर कल्याण-शीळ रस्ता लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली. मधोमध मेट्रोचे खांब, दोन्हीकडून डंपर, रिक्षा कुठूनही आत शिरणार, मागून हॉर्न. नदी परवडली, टेकडी परवडली, हा रस्ता नको, असं मला झालं होतं. जुन्या दिवसांत आम्ही रस्ता सोडायचो ते का, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पटलं, पण मोहनला सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

तो शेजारी ताठ बसला होता, काचेतून समोर बघत. मला वाटलं होतं, आता हा मला शिकवत राहणार, गिअर बदल, इंडिकेटर दे. एक शब्द बोलला नाही. डोंबिवलीचा फाटा जवळ आला तशी पुढची बस एकाएकी थांबली आणि मी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं.

मोहनचा उजवा पाय पुढे गेला होता, पट्टी बांधलेला, आणि जीपच्या रिकाम्या पत्र्यावर घट्ट रोवला होता. जिथे त्याच्यापुढे काहीच नव्हतं तिथे तो ब्रेक दाबत होता. बस हलली, मी जीप पुढे घेतली, तरी पाय तसाच होता. तो बाहेर दुकानांकडे बघत होता, आपण काय करतोय याची त्याला कल्पनाच नव्हती. घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला मी बरंच आधीपासून वेग कमी करत गेले, म्हणजे त्याला तो पाय इतका दाबावा लागू नये.